घसाऱ्याचा तीव्र उतार आणि युनिसायकल: ब्रेक, पाय, सीट यांचा मेळ कसा घालायचा?

मुरूमवाट

२४ × ३ इंची डोंगरी युनिसायकल, १५० मिमी क्रँक (पेडल चाकाला जोडणारे दांडे), सीटखाली लिव्हर असलेला १६० मिमीचा डिस्क ब्रेक. घट्ट मातीचा १०-१२ अंशांचा उतार व्यवस्थित जमतो. अडतं ते १८-२० अंशांच्या घसाऱ्यावर (सुट्या खडी-मातीचा उतार), कडक जमिनीवर बारीक खडी पसरलेली असते तिथे. दोनच प्रकार होतात: चाक पुढे निसटतं आणि पाठीवर पडायला होतं, नाहीतर चाक गच्च थांबतं आणि माणूस पुढे फेकला जातो.

प्रश्न:
१. वेग पायांनी आवरायचा की ब्रेकने?
२. नक्की किती मागे झुकायचं?
३. सीट किती खाली घ्यायची, टायरमध्ये हवा किती ठेवायची?
४. चाक घसरायला लागलं त्या क्षणी काय करायचं?

विषय नवा असणाऱ्यांसाठी: युनिसायकल म्हणजे एकच चाक असलेली सायकल. तिला सहसा फ्रीव्हील (चाक फिरत असताना पेडल थांबवू देणारी योजना) नसतं. क्रँक थेट हबला, म्हणजे चाकाच्या मध्यभागाला, जोडलेले असतात, चाक फिरलं की पेडल फिरणारच. त्यामुळे उतारावर पाय स्थिर ठेवून सायकलसारखं सोडून देता येत नाही.

उतारकर

दोन्ही पडण्यांचं मूळ एकच आहे: रोखण्याचा जोर सारखा राहत नाही. हे नीट समजलं की तुमच्या चारपैकी तीन प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

उतारावर एकाच वेगाने उतरत असताना तुमचा गुरुत्वमध्य चाक जिथे जमिनीला टेकतं त्या बिंदूच्या बरोबर वर, ओळंब्यात असावा लागतो. सपाटीवर तो बिंदू ॲक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) थेट खाली असतो. उतारावर तो ॲक्सलच्या मागे, चढाच्या बाजूला सरकतो. किती सरकतो? चाकाची त्रिज्या गुणिले उताराच्या कोनाची साइन. २४ × ३ टायरची त्रिज्या साधारण ३३ सेंमी धरा. २० अंशांवर ११ सेंमी, ३० अंशांवर साडेसोळा सेंमी. म्हणजे २० अंशांच्या उतारावर शरीराचा भार ॲक्सलच्या ११ सेंमी मागे हवा, बास. फ्रेमच्या कोनात बोलायचं तर ओळंब्यापासून सहा-सात अंश मागे. हे दिसतं त्यापेक्षा खूप कमी आहे. बहुतेक जण घाबरून पुष्कळ मागे रेलतात आणि मग मागेच पडतात. उलट ज्यांना उताराची सवय नाही ते उताराला काटकोनात, म्हणजे पुढे झुकून राहतात. दोन्ही चूक. झाड डोंगरउतारावर उभं असतं तसं ताठ राहायचं आणि कंबर तेवढी किंचित मागे न्यायची.

आता ब्रेक. ब्रेक फ्रेमवर बसवलेला असल्यामुळे तो दाबला की चाक फ्रेमला आणि तिच्यावरच्या तुम्हाला पुढे फिरवू पाहतं. त्या पुढे फिरण्याला ११ सेंमी मागे असलेला भार तोलून धरतो. यातून कामाचा नियम निघतो:

- मागे पडतोय असं वाटलं तर ब्रेक किंचित वाढवा. चाक मंदावतं, शरीर त्याच्या वर येतं.
- पुढे पडतोय असं वाटलं तर ब्रेक किंचित सैल करा. उतार स्वतःच चाक तुमच्याखाली पुढे आणतो.

थोडक्यात, उतारावर पुढचा-मागचा तोल बोटाने सांभाळता येतो आणि पाय बारीक दुरुस्तीला मोकळे राहतात.

पण यात एक सापळा आहे. मागे पडतोय म्हणून ब्रेक वाढवला आणि त्याच वेळी पकड संपलेली असली, तर चाक लॉक होऊन पुढे निसटतं आणि तुम्ही आणखी मागे जाता. तुमचं पाठीवर पडणं हेच आहे. म्हणून चौथ्या प्रश्नाचं उत्तर: चाक घसरलं की ब्रेक सोडा. पूर्ण नाही, चाक पुन्हा फिरेल इतकाच. फिरणारं चाक पकड परत मिळवतं, सरपटणारं मिळवत नाही. पाव फेरी फिरू द्या, मग पुन्हा हळूहळू दाबा. मन उलटं सांगत असतं, म्हणून हे आधी सौम्य उतारावर मुद्दाम घोटावं लागतं: ८-१० अंशांचा खडीचा उतार, मनगटाचे गार्ड घालून, चाक क्षणभर लॉक करायचं आणि सोडायचं. उजवा पाय पुढे असताना आणि डावा पुढे असताना, दोन्ही प्रकारे.

फिक्सहब

उतारकर यांच्या तोलाच्या मुद्द्याला अनुमोदन. पण ब्रेकवर इतका भर देणं मला पटत नाही. पायांनी मागे दाब देऊन उतरता आल्याशिवाय ब्रेकला हात लावू नये. मागून वर येणाऱ्या पेडलवर भार टाकायचा, सीटचं हँडल वर ओढायचं, अर्ध्या-अर्ध्या फेरीने उतरायचं. पायांना जमिनीची जी जाणीव होते ती एका बोटाला होत नाही. लांब क्रँक लावा, १६५ मिमी, आणि २० अंश पायांनीच उतरा.

उतारकर

पायांनी उतरणं आधी यायलाच हवं, याबद्दल वाद नाही. ब्रेकची नळी तुटली तर खाली यायचा तोच एक मार्ग उरतो. पण *घसाऱ्यावर* फक्त पाय वापरण्याची अडचण आकड्यांत बघा.

७५ किलोचा माणूस, ७ किलोची युनिसायकल, उतार २० अंश. उताराच्या दिशेने खेचणारा जोर ८२ × ०.३४२, म्हणजे साधारण २८ किलो. चाकाच्या त्रिज्येवर तो ३३ सेंमीच्या तरफेने लागतो, पेडलवर तुम्हाला १५ सेंमीच मिळतात. क्रँक आडवे असताना तेवढ्यापुरतं हिशेब केला तर पेडलवर ६२ किलो लागतात. पण क्रँक उभे असताना पायाला तरफच मिळत नाही, जोर शून्य होतो. ती तूट आडव्या स्थितीत भरून काढावी लागते. पूर्ण फेरीची सरासरी काढली तर मागच्या पेडलवर ९७ किलो लागतात, तेही पुढच्या पायाने अजिबात भार न टाकता. स्वतःच्या वजनापेक्षा जास्त. हँडल वर ओढल्याशिवाय ते येणारच नाही. १६५ क्रँकने ते ८८ किलोवर येतं. जमणारं आहे, पण थोडाच वेळ.

हा झाला ताकदीचा भाग. पकडीचा भाग यापेक्षा महत्त्वाचा. जोर शून्य ते कमाल असा सतत वरखाली होत राहतो आणि कमाल ही सरासरीच्या १.५७ पट असते. २० अंशांवर एकसारख्या ब्रेकने उतरायला ०.३६ इतका घर्षणांक पुरतो. फक्त पायांनी उतरताना दर अर्ध्या फेरीला तो ०.५७ पर्यंत जातो. ३० अंशांचा उतार ब्रेकने उतरायला ०.५८ लागतो. म्हणजे २० अंशांचा घसारा पायांनी उतरणं हे चाकाच्या दृष्टीने ३० अंशांचा उतार ब्रेकने उतरण्याइतकं अवघड. कडक जमिनीवरची सैल खडी ०.५७ नेहमी देईलच असं नाही, म्हणून चाक बरोबर क्रँक आडवे असताना निसटतं.

मुरूमवाट, पुढच्या वेळी पाहा: तुमचं चाक कुठल्या क्रँक-स्थितीत निसटतं? आडव्या स्थितीत निसटत असेल तर पाय जास्त काम करताहेत. कुठेही निसटत असेल तर बोट जास्त काम करतंय.

फिक्सहब

१.५७ पटीचा मुद्दा मान्य, असा विचार केला नव्हता. मग कामाची वाटणी कशी ठेवायची? सगळं ब्रेकवर सोडलं की पाय नुसते वाहत जातात आणि चाक डावी-उजवीकडे भटकतं, हेही तितकंच खरं आहे.

डोंगरचाक

वाटणीचं सोपं माप: ब्रेक इतका ओढायचा की पायांना उतार तीन-चार अंशांचाच वाटला पाहिजे. उरलेला दाब पायांनी द्यायचा. पेडलवर कायम थोडा मागचा दाब राहिला की चाक भटकत नाही.

काही जण याच्या उलट करतात: ब्रेक गरजेपेक्षा थोडा जास्त ठेवतात आणि पायांनी हलकं पुढे ढकलत उतरतात. घट्ट खडकाळ पायऱ्यांवर ही पद्धत सुंदर चालते, कारण प्रत्येक पायरीच्या काठावर चाक तुमच्या हुकमाशिवाय हलत नाही. पण घसाऱ्यावर मी ती सुचवणार नाही. क्रँक उभे असताना पाय ढकलू शकत नाहीत आणि तेवढ्या क्षणापुरता ब्रेक गरजेपेक्षा जास्त होतो. चाक तिथेच लॉक होतं.

सरावाचा क्रम:

१. सपाटीवर ब्रेक हलका घासत ठेवून ३० मीटर चालवा. ब्रेकचा आवाज एकसारखा राहिला पाहिजे. आवाज वरखाली झाला तर बोट पायांच्या लयीत हलतंय. ही सवय इथेच मोडायची.
२. ५ अंशांचा पक्का रस्ता. ब्रेक वाढवत न्या, पाय हलके करत न्या.
३. १० अंश, घट्ट माती.
४. १० अंश, सैल खडी. घसरण्याचा आणि सोडण्याचा सराव इथे.
५. १५ अंश, सैल खडी, पण उताराचं शेवट सपाट आणि मोकळं असलेलं ठिकाण.

मग २०. टप्पा गाळू नका. कोन मोजायला सरळ काठी उतारावर ठेवून तिच्यावर फोनमधलं लेव्हल ॲप लावा. नजरेचा अंदाज जवळजवळ नेहमी जास्तीचा येतो.

आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट: ब्रेक उतार सुरू होण्यापूर्वी घासायला लागलेला हवा. काठावरून चाक खाली गेल्यावर ब्रेक शोधला तर तो झटक्याने लागतो. काठाच्या एक फेरी आधी हलका दाब, चाक काठावरून वळतं तसा वाढवत जायचा. तुमचं पुढे फेकलं जाणं बहुधा इथलं आहे.

वेग मिनिटाला ३०-४० फेऱ्या, म्हणजे २४ इंचीवर ताशी चार-पाच किमी. यापेक्षा हळू गेलात तर क्रँक उभे असताना चाक अडून राहतं, जास्त गेलात तर चूक सुधारायला वेळ उरत नाही. नजर दोन-तीन मीटर पुढे. चाकासमोरच्या दगडाकडे बघायचं नाही, तो आता टळणार नसतो.

अनघड_वाट

सगळेच घसारे सारखे नसतात, यावर कोणी लिहिलं नाही म्हणून भर घालतो.

*कडक जमिनीवर पातळ थर*: मुरूमवाट विचारताहेत तो. सर्वांत वाईट. खडे टायर आणि जमीन यांच्यामध्ये लोळतात, टायरची बटणं (वरचे उंचवटे) खालच्या कठीण थरात रुतत नाहीत. इथे वाट निवडणं हे तंत्राइतकंच महत्त्वाचं. पाणी वाहून गेलेल्या पट्ट्यात खडी कमी असते, जमीन खरवडलेली असते, तिथून जा. रोवलेले मोठे दगड दिसले तर त्यांच्यावरून जा आणि त्यांच्यावरच जास्तीचा ब्रेक लावून वेग कमी करून घ्या. खडीच्या पट्ट्यात फक्त वेग टिकवायचा, कमी करायचा नाही.

*खोल सैल थर, सुटी माती किंवा खडी*: चाक तीन-चार सेंमी रुततं आणि माती ढकलतच वेग खातं. ब्रेक निम्म्याहून कमी करा. इथे थांबणं हीच चूक, कारण थांबलेलं चाक आणखी रुततं आणि पुन्हा निघताना तोल जातो. २० अंशांचा खोल घसारा १५ अंशांच्या पातळ घसाऱ्यापेक्षा सोपा असतो. नवख्यांना हे खरं वाटत नाही, पण उतरून पाहिलं की पटतं.

*मुठीएवढे सुटे गोटे*: चाक गोट्यावर चढतं, गोटा मागे किंवा बाजूला पळतो. सीटवरचा भार कमी करून पेडलवर उभं राहिल्यासारखं, गुडघे सैल. चाक गोट्याला भिडण्याच्या क्षणी ते आपोआप मंदावतं, म्हणून भिडण्याआधी ब्रेक थोडा सैल करायचा. न केल्यास गोटा आणि ब्रेक मिळून चाक थांबवतात.

*पाचोळा*: खाली काय आहे ते दिसत नाही. मी तरी असा उतार आधी पायी चालून बघितल्याशिवाय उतरू नये असंच म्हणेन.

सुटा घसारा निसर्गतः साधारण ३५ अंशांच्या आसपास स्थिरावतो. उतार त्या कोनाजवळ असेल तर वरचा थर आधीच सुटण्याच्या बेतात असतो. तिथे चाक टिकवायला जेवढी पकड लागते तेवढी त्या थराकडेच शिल्लक नसते. थर खोल असेल तर त्याच्यासकट वाहत खाली येता येतं, पातळ असेल तर युनिसायकल खांद्यावर घ्या.

कविता_के

नागमोडी उतरलं तर सोपं जात नाही का? थेट उताराच्या रेषेत जाण्यापेक्षा आडवं-तिरकं?

उतारकर

पायांना आणि ब्रेकला सोपं जातं, टायरला नाही. आडवं जाताना ब्रेक जवळजवळ लागतच नाही, पण तेवढाच जोर टायरला बाजूने ओढत असतो. पकडीची गरज तीच राहते, दिशा बदलते. त्यात बाजूने सुटलेलं चाक परत मिळवता येत नाही, कारण तिथे ब्रेक सोडण्याचा उपाय लागू पडत नाही. म्हणून पातळ खडीवर थेट रेषेत उतरा आणि जिथे जमीन घट्ट दिसते तिथेच वळा.

आडवं जाताना चढाच्या बाजूचं पेडलही आपटतं. १५० क्रँकने पेडल खाली असताना जमिनीपासून सोळा-सतरा सेंमी उरतात. २० अंशांच्या उतारावर पेडलच्या बाहेरच्या काठापाशी जमीन आठ सेंमी वर आलेली असते. उरले आठ. मुठीएवढा दगड पुरतो.

वळणाबद्दल: पकड एकच असते, ब्रेक आणि वळणं तिच्यात वाटा मागतात. वेग वळणाआधीच्या सरळ पट्ट्यात कमी करा, वळणात ब्रेक आहे तेवढाच ठेवा किंवा चाक आडवं येतं तसा सैल करा. बाहेरच्या बाजूने शिरा. मोकळा हात आणि खांदे आधी वळवा, मग कंबर, मग चाक येतंच. चाक एका जागी गर्रकन फिरवणं घट्ट जमिनीवर ठीक, खडीवर ते टायरखालची खडी मोकळी करतं.

डोंगरचाक

जिथे फिरत्या चाकाने उतरणं शक्यच नाही तिथे बाजूने उड्या मारत उतरण्याचं तंत्र वापरा. क्रम असा:

चाक उताराला पूर्ण आडवं करा. क्रँक आडवे, ब्रेक पूर्ण दाबलेला, एक हात हँडलवर, दुसरा चढाच्या बाजूला पसरलेला. दोन-तीन उड्या जागेवर मारून तोल पक्का करा, मग प्रत्येक उडीत दहा-पंधरा सेंमी खाली सरका. उडी वर मारायची, खाली झेपायचं नाही. सरळ वर-खाली उडीत टायर जमिनीला जास्त दाबला जातो आणि पकड टिकते. बाजूला झेप घेतली की तोच बाजूचा वेग टायरला उतरताना थांबवावा लागतो आणि खडी सुटते. गुडघे वाकवून हलकं उतरा. सैल दगडावर उतरला आहात असं वाटलं तर तिथे थांबायचं नाही, लगेच पुढची उडी.

उतारावर चढून बसणंही आडवंच करावं. ब्रेक पूर्ण लॉक, मागचं पेडल चढाच्या बाजूच्या पायाखाली, चढून बसा, तोल धरा, मग ब्रेक सैल करत उताराकडे वळा. ब्रेक लॉक असल्यामुळे चाक मागे पळत नाही. हे पक्क्या रस्त्यावर आधी बसवून घ्या.

युनिसायकलवरून उतरायचं ते मागे. मागे चढ असतो, जमीन जवळ असते. पुढे ती खाली गेलेली असते. शंका आली की मागचा पाय काढून चढावर टेका आणि हँडल हातातून सोडू नका. सुटलेली युनिसायकल गडगडत जाते आणि खाली कोणी असेल तर त्याला लागते. एकत्र उतरताना म्हणूनच एका वेळी एकानेच उतरावं.

वेग हाताबाहेर जातोय असं दिसलं तर निर्णय लवकर घ्या. पुढे उतरून धावत थांबता येईल इतका वेग आहे तोवरच उतरा. त्यापुढे पेडल पायांखालून निसटतात आणि निवड तुमच्या हातात राहत नाही.

पाना_तेरा

यंत्राच्या बाजूचं राहिलंच.

*सीट*: सपाटीच्या उंचीपेक्षा तीन ते पाच सेंमी खाली. कंबर मागे नेली तरी खालच्या पेडलपर्यंत पाय पोहोचला पाहिजे आणि गुडघा वाकलेला राहिला पाहिजे. पाचपेक्षा जास्त खाली नेलीत तर सतत अर्धं बसून मांड्या लवकर भरून येतात. सीटपोस्टवर दोन्ही उंचीच्या खुणा करून ठेवा. सीटचं पुढचं टोक किंचित वर, म्हणजे मागे दाब देताना पुढे घसरायला होत नाही.

*हवा*: ३ इंची टायर, ७५ किलो वजन: १६ ते २० पीएसआयपासून सुरुवात. दगडावर रिम आपटत असेल तर दोन पीएसआय वाढवा. कलत्या वाटेवर टायर एका बाजूला ओढत असेल किंवा वळताना दुमडल्यासारखा वाटत असेल तरीही वाढवा. एवढ्या कमी हवेत साधा पंपाचा काटा भरवशाचा नसतो, कमी दाबाचा गेज घ्या.

*टायरची झीज*: क्रँक आणि चाक यांचं नातं पक्कं असल्यामुळे पायांचा जोर टायरच्या ठराविक दोन भागांवरच येतो, ते भाग आधी गुळगुळीत होतात. आणि क्रँक आडवे असताना, म्हणजे पकड सर्वांत जास्त लागते तेव्हा, नेमके तेच भाग जमिनीवर असतात. अधूनमधून हवा काढून टायर रिमवर पाव फेरी फिरवून बसवा. फुकटची पकड आहे, तरी फार कमी जण हे करतात.

*लिव्हर*: हँडल न सोडता तर्जनी पोहोचली पाहिजे. लिव्हर हलल्याबरोबर ब्रेक पकडत असेल तर बोटाला वाव उरत नाही. पकड सुरू झाल्यापासून पूर्ण लॉक होईपर्यंत जितका जास्त प्रवास मिळेल तितका चांगला. पॅड सेंद्रिय (रेझिनचे) घ्या, त्यांनी ब्रेकचा जोर बारीक आवरता येतो. धातूचे पॅड उष्णता जास्त सोसतात, पण घसाऱ्यावर हा बारीक आवर जास्त मोलाचा. २४ इंचीला १६० ची डिस्क पुरेशी. १८० लावली तर त्याच बोटाच्या जोरात चाक लवकर लॉक होतं, मोठ्या चाकाला किंवा जास्त वजनाला ती ठीक. ब्रेकची नळी सीट खाली-वर होईल इतकी सैल, पण मांडीत अडकणार नाही अशी बांधा. डिस्क फ्रेमच्या बाहेरच्या बाजूला असेल तर दगडावर वाकते, दर उताराआधी चाक फिरवून बघा.

*क्रँक*: मागे-पुढे उलटसुलट जोरामुळे क्रँकचे बोल्ट सैल होतात. आयसिस (दातेरी ॲक्सलच्या) हबला साधारण ४० न्यूटन-मीटर, बनवणाऱ्याने दिलेला आकडा असेल तर तो. सैल क्रँकवर चालवलं की दाते कायमचे जातात. बेअरिंगच्या कॅपचे बोल्ट मात्र हलकेच: चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि बाजूला खेळ नसावा. जास्त आवळले तर बेअरिंग अडतं.

हबमध्ये गिअर असेल तर १:१ मध्येच उतरा. वरच्या गिअरमध्ये पायांचा रोखण्याचा जोर दोन-तृतीयांशच उरतो.

कविता_के

आणि संरक्षण?

पाना_तेरा

हेल्मेट, मनगटाचे गार्ड, गुडघ्याचे पॅड, नडगीबरोबर पोटरीही झाकणारे गार्ड. युनिसायकलचं पेडल पोटरीवरही आपटतं आणि त्याच्या पिना खोल जातात. जागतिक स्पर्धेतल्या, म्हणजे युनिकॉनच्या डोंगर-उतार शर्यतीतही हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि हातमोजे सक्तीचे असतात. घसाऱ्यावर मागे पडणं जास्त, म्हणून माकडहाडाचं पॅड असलेली आतली चड्डी आणि कोपराचे पॅडही घ्या. बुटांचा तळ सपाट आणि कडक. पेडल चवड्याखाली नको, थोडं मागे, तळव्याच्या मध्याकडे. मागे दाब देताना घोटा कमी थकतो.

मुरूमवाट

सर्वांचे आभार. चाक आडव्या क्रँकलाच निसटतं, म्हणजे पाय जास्त काम करताहेत हे स्पष्ट झालं. एक शेवटची शंका: उतार लांब असेल, उंचीत शंभरेक मीटर, तर ब्रेक सतत घासत ठेवून तापणार नाही का?

उतारकर

तापतो. २० अंशांवर ताशी सव्वाचार किमीने उतरताना ब्रेक आणि पाय मिळून साधारण ३३० वॅट जिरवतात. वेग कमी असल्यामुळे डिस्कला वाराही मिळत नाही. लिव्हर मऊ लागायला लागली, वास आला किंवा त्याच जोरात कमी पकड मिळायला लागली की थांबा. आडवं वळून उतरा आणि डिस्क हाताने न शिवता निवू द्या. पाणी ओतू नका, डिस्क वाकते.

अशा लांब उतारावर वाटणी बदलत राहायची. घट्ट पट्टा आला की ब्रेक हलका करून काम पायांकडे द्यायचं, कारण तिथे १.५७ पटीची उसळी टायर सहन करू शकतो. खडी आली की पुन्हा बोटाकडे. शिवाय २०-३० मीटर उंची उतरल्यावर एकदा थांबाच, कारण ब्रेकच्या आधी मांड्या थकतात आणि थकलेला पाय मागचा दाब झटक्याने देतो.

फिक्सहब

थांबाल तेव्हा टायरची हवाही बघा. रिमवर ब्रेक पकडणारी जुनी बांधणी असेल तर रिम तापून दाब वाढलेला असतो. डिस्कवाल्यांना तो प्रश्न नाही.